कापसाच्या खोलीची कडी

मुलं इतकी गप्प बसली होती की माणिकताईला आधी बरंच वाटलं.

बालवाडी म्हटली की कलकलाट आलाच. कोणी रडतंय, कोणी दुसऱ्याची पाटी पळवतंय, कोणाला नेमकं आत्ताच शू-शू आली आहे. इथे मात्र ओसरीवरच्या सतरंजीवर सगळी मुलं मांडी घालून, डोळे मिटून बसली होती. थंडीचे दिवस, सगळ्यांची नाकं वाहती, पण नाक ओढल्याचाही आवाज नाही. नालवाडीच्या प्रशिक्षण केंद्रात ती स्वतःच सेविकांना हा शांततेचा खेळ शिकवत असे. मुलांनी डोळे मिटून गप्प बसायचं, बाईंनी शेजारच्या खोलीच्या दारात उभं राहून एकेकाचं नाव कुजबुजत घ्यायचं, आणि ज्याचं नाव आलं त्याने पावलांचा आवाज न करता उठून बाईंकडे जायचं. शिकताना सेविका पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसायच्या. आणि इथे, वडनेरच्याही पलीकडच्या या आडगावात, तोच खेळ असा रंगलेला! माणिकताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती ओट्याच्या पायरीवरच थांबली. खेळ मोडू नये म्हणून तिने चपलाही हळूच काढल्या.

तेवढ्यात मागच्या दाराने पंचफुलाबाई आली. तीच इथली सेविका. तिच्या हातात सुकडीचं पातेलं होतं.

माणिकताई चपापली. बाई मागच्या दाराशी, तर मग नाव घेतंय कोण?

सतरंजीवरून एक मुलगी उठली. दोन शेपट्या, अंगात भावाचा मोठा सदरा. डोळे अर्धवट मिटलेलेच. टाचा उचलून, अगदी शिकवल्यासारखी, ती ओसरीच्या टोकाच्या दाराकडे चालू लागली. दार बोटभर उघडं होतं आणि फटीतून आतलं पांढरं दिसत होतं.

"कांता!" पंचफुलाबाई किंचाळली. पातेलं आपटलं, सुकडी सांडली. तिने धावत जाऊन पोरीला कमरेतून उचललं आणि छातीशी इतकं घट्ट धरलं की पोर रडायलाच लागली.

माणिकताई पुढे झाली. "कुठे निघाली होतीस, बाळ?"

"मले बलावलं," कांता हुंदके देत म्हणाली.

"कोणी?"

"नलूनं."

'पाणी कोणी दिलं?' असं विचारल्यावर 'आजीने' असं सांगावं, तितक्या सहज ती म्हणाली. एव्हाना बाकीच्यांनी डोळे उघडले होते. त्यातला एक पोरगा गाल फुगवून कुरकुरला, "माहं नाव तं घेतच नाई ते."

माणिकताईने पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

याच बालवाडीतली नलू मागच्या संक्रांतीच्या सुमारास वारली होती. त्याचसाठी माणिकताई जामच्या फाट्यावर बस बदलून, धूळ खात इथवर आली होती. सेविकांसाठी मुलांच्या सुरक्षेचे पाठ तयार करायचं काम केंद्राने तिच्यावर टाकलं होतं. नमुन्यादाखल मोठ्या शहरातून एक जाडजूड पुस्तिका आली होती. तिच्यात जिना होता, विजेचा प्लग होता, गॅसची शेगडी होती. ज्या गावांत वीज वेशीपर्यंत येऊन दमून बसली होती तिथल्या मुलांनी प्लगमध्ये बोट घालू नये म्हणून पानंच्या पानं खर्ची पडली होती. केंद्राचे प्रमुख कृष्णकांत सर भले गृहस्थ; ते म्हणाले, "याचंच सोपं मराठी करून टाका, झालं." पण माणिकताई मास्तराची मुलगी, आणि वयाच्या चाळिशीपर्यंत कोणाच्या धाकात न राहिलेली. तिने जिना काढून विहीर घातली, गॅस काढून चूल घातली, औषधाचे डबे घातले, विळे घातले. कापूस घालावा असं तिला सुचलंही नव्हतं. कापसाला कोण भिणार? कापूस म्हणजे घरची लक्ष्मी. वेचणीआधी त्याची पूजा होते, घरात आला की लोक त्या खोलीत चपला घालून जात नाहीत.

मुलांना उरलेली सुकडी वाढून झाल्यावर पंचफुलाबाई तिला अंगणातल्या लिंबाखाली घेऊन गेली. तिथूनही तिची नजर त्या दारावरच होती.

"मायच्यान सांगतो ताई, मी तो खेळ तव्हापासून बंदच केला. पन मी जराशी वळली का हे पोट्टे बसतेत. कोनी सांगत नाई, कोनी शिकवत नाई."

"त्या दिवशी काय झालं?"

"खेळच चालू होता. मी त्याच दारात उभी राहून नावं घेऊन राह्यली होती. नलूचं घेतलं. दोनदा घेतलं. ती आली नाई. मले वाटलं, गेली असल आजीपाशी अंदर. घर तं तिचंच होतं ना, ताई! बाकीचे पोट्टे मी हाताले धरून घरोघरी पोचवून देल्ले."

"आणि घरच्यांना वाटलं, ती बालवाडीत आहे."

पंचफुलाबाईने मान हलवली. नलूचा आजा बापूजी. त्याच्याच ओसरीवर बालवाडी भरायची. त्याने जागा दिली ती नात डोळ्यांसमोर राहावी म्हणून. आणि डोळ्यांसमोरची म्हणूनच तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. बाईंची नजर चुकवून ती आधीच खोलीत शिरली असावी, गंजीवर चढली असावी, आपलं नाव येईस्तोवर तिथे लपून बसायचं असं तिने ठरवलं असावं. कापसाचा ढीग वरून मऊ दिसतो. मधे पोकळ झाला की सरकतो. माणसांनी विहिरी धुंडाळल्या, नाला पालथा घातला, पोरं पळवणारी टोळी आली म्हणून हायवेवर जामपर्यंत माणसं धाडली. कापसाकडे कोणीच बघितलं नाही.

"मंग कापूस विकाले न्याची पाळी आली," पंचफुलाबाई म्हणाली. "गाडी भरून राह्यले होते. तव्हा सापडली. झोपल्यावानी."

"दाराला कडी का नाही लावत तुम्ही?" माणिकताईने विचारलं. "यंदाचा कापूस तर आढ्याला लागलाय."

"मी लावाले जातो तं बापूजी लावू देत नाईत. तुम्हीच बोलून पाहा."

बापूजी ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसला होता. रोडका, उंच म्हातारा. हात मात्र बैलगाडीच्या जुवासारखे. माणिकताईने नमस्कार केला, कांताचं सांगितलं. तो ऐकत होता. दोर वळणं थांबलं नाही.

"कडी लावा बापूजी," ती म्हणाली. "एखादं मूल पुन्हा आत जाईल."

"पोट्ट्यांले धाक द्या ना तुम्ही. कडी नाई लागनार."

"पण का?"

आता दोर थांबला. "पोरगी कोंडल ना, ताई. एकदा कोंडूनच गेली ती. आता आनखीन मी, तिचा आजा, भायेरून कडी लावू?"

पुस्तिकेत हे कुठल्याच पानावर नव्हतं.

"तिले तरास नाई झाला," बापूजी तिची समजूत घालावी तसा म्हणाला. "निजेतच गेली. तिनं आवाज देला असता तं मी इथीच होतो. याच जाग्यावर, असाच दोर वळून राह्यलो होतो. मले आयकू आला नसता का? माह्ये कान अजूनबी तीक्ष्ण हायेत."

त्याने हातभर अंतरावरच्या भिंतीला तळवा लावला. भिंतीच्या पलीकडे कापूस होता.

माणिकताईला त्या क्षणी उठून सरळ बस गाठावी असं वाटलं. म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य आता या एका वाक्यावर टेकलं होतं, आणि ते वाक्य खरं आहे की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. पण खरं काय ते कळल्याशिवाय ती पाठ कसला लिहिणार? आणि उद्या कांता पुन्हा उठली तर?

"पंचफुलाबाई," ती उठत म्हणाली, "मी आत जाते. तुम्ही दारात थांबा. मी आतून हाक मारीन, तुम्हीही मारा. कोणाचं कोणाला ऐकू येतं ते पाहू."

"नोका जाऊ ताई. काऊन जाता?"

पण माणिकताई पदर खोचून आत शिरलीही होती.

आत ऊब होती. बाहेरच्या थंडीनंतर ती अंगाला आवडली, आणि आवडली म्हणूनच तिला कसंतरी झालं. सरकीचा तेलकट वास, वरच्या झरोक्यातून येणारा उजेड, आणि चारी बाजूंनी नुसतं पांढरं. ती गंजीवर चढली. पाय गुडघ्यापर्यंत गेले, मग मांडीपर्यंत. ढिगाच्या पलीकडे भिंतीशी एक खोलगट जागा होती. एखाद्या मुलाला बसायला पुरेल एवढी. तिथे ती पाठ टेकून बसली, आणि वरचा कापूस हळूच, काही घाई नसल्यासारखा, तिच्या खांद्यांवर येऊन बसला.

"पंचफुलाबाई!" तिने हाक मारली. वर्गात चाळीस बायका गप्प करणारा तिचा आवाज. तो ओठांपाशीच पडला. तिने पुन्हा मारली, अगदी घसा ताणून. बाहेरून काही आलं नाही. आपण बोललो की नुसतंच मनात म्हटलं, हेही तिला सांगता येईना.

मग हाक आली.

"माणिक."

कुजबुजती, स्वच्छ, अक्षर न् अक्षर सुटं. ती शिकवायची अगदी तशी. आणि आली ती दाराकडून नाही. भिंतीकडून, कानाच्या अगदी जवळून.

माणिकताई भुताखेतांना हसणारी बाई. तिला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही, याचीच पुढे तिला जन्मभर भीती वाटली. तिला वाटला तो आनंद. आपलं नाव आलं, आपली पाळी आली, असा बालवाडीतला आनंद. अंग आपसूक आवाजाच्या दिशेने वळलं. ती जराशी पुढे सरकली आणि कापूस तिच्यासोबत सरकला, छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत. तोंडात तंतू गेले. ओरडण्यासाठी श्वास घ्यावा तर श्वासाबरोबर कापूसच येत होता.

कोणीतरी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. बापूजीचे हात होते ते.

उंबऱ्याबाहेर येऊन ती खोकत बसली. केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. पंचफुलाबाई रडकुंडीला आली होती.

"किती येळची बोंबलून राह्यली मी! घसा बसला माह्या. तुमी हाक मारतो म्हनल्या अन् मारलीच नाई. म्हून बापूजीले बलावलं."

"मारली," माणिकताई कशीबशी म्हणाली. "ओरडून मारली. दोनदा." मग तिने विचारलं, "तुम्ही मला काय म्हणून हाक मारली?"

"ताई म्हून. आनखीन काय म्हून?"

"नुसतं माणिक असं?"

"अव माय! तुमाले मी नुसतं माणिक म्हनीन?"

माणिकताई जिभेवरचे तंतू काढू लागली. बापूजी अजून तिथेच उभा होता, आणि त्याच्या ध्यानात दुसरंच काही आलं होतं.

"तुमी खरंच हाक मारली?" त्याने विचारलं. "मी तं या भिंतीलेच टेकून बसलो होतो."

"हो, बापूजी."

"मले नाई आली आयकू."

ओसरीवर मुलं सुकडीची बोटं चाटत होती. म्हाताऱ्याचा चेहरा सावकाश बदलत गेला, आणि तो बदलताना बघणं माणिकताईला जड गेलं. "म्हंजे तिनं मारली असल," तो म्हणाला. "मी दोर वळत बसलो अन् तिनं मले हाक मारली असल."

लहान मुलं पटकन झोपतात, असं एक वाक्य माणिकताईच्या जिभेवर आलं. साधं होतं, सोयीचं होतं, म्हाताऱ्याने ते आनंदाने घेतलंही असतं, आणि दार उघडंच राहिलं असतं. तिला त्याची इतकी कणव आली की तिचे डोळे भरून आले.

"मारली असेल, बापूजी," ती म्हणाली. "पण या कापसातून ती कोणालाच ऐकू आली नसती. तुम्हाला नाही, देवाला नाही."

बापूजी मटकन खाली बसला. त्याने दोर हातात घेतला, पण वळला नाही. त्याच्याकडे बघायची दोघींनाही हिंमत होईना. पंचफुलाबाई सांडलेली सुकडी गोळा करू लागली. आणि मग माणिकताईच्या लक्षात आलं की मागचा आवाज बंद झालाय.

मुलं पुन्हा बसली होती. हात मांडीवर, डोळे मिटलेले. कोणी सांगितलं नव्हतं. भर दुपारचं ऊन अंगणात पडलं होतं, बाहेर रस्त्यावरून एक गाडी खडखडत गेली, आणि ओसरीवर मात्र ती तसली शांतता. कांताची मान हळूच दाराकडे वळली, कानाशी काही आल्यासारखी. तिने एक पाय मोकळा केला.

बापूजीने ते पाहिलं. इतके दिवस तो ओट्यावर पाठ करून बसायचा. आज पहिल्यांदा त्याने हे समोरून पाहिलं. तो उठला. मुलांच्या मधून चालत दारापाशी गेला, दार पूर्ण उघडलं, आणि दूरच्या वावरातल्या माणसाला बोलवावं तशा आवाजात ओरडला,

"नलूऽऽ!"

मुलं दचकली. लिंबावरचे पक्षी उडाले. वर्षभरात त्या घरात ते नाव मोठ्याने कोणी घेतलं नव्हतं.

"खेळ झाला, माय," बापूजी म्हणाला. आवाज आता फुटत होता. "समद्यांचे नावं झाले. तुहं राह्यलं होतं ते मी घेतलं. ये भायेर."

तो एका हाताने दार धरून उभा राहिला, लहान मूल बाहेर येईपर्यंत धरावं तसा. मग त्याने दार ओढलं. कडी वर्षभर बसली नव्हती, गंजून आखडली होती. त्याने ती तळहाताने ठोकून ठोकून बसवली. हाताला रक्त आलं तरी थांबला नाही.

आणि कडी बसल्यावर ओसरीवर असा काही गलका उसळला, दोघं भांडली, एक पडला, तिघं रडली, की पंचफुलाबाई खाली बसून त्यांच्यासारखीच भोकाड पसरून रडली.

"हा 'हाकेचा पाठ' काय नवीनच काढलात?" कृष्णकांत सरांनी नंतर विचारलं. शांततेचा खेळ प्रशिक्षणातून काढून टाकला याचंही त्यांना वाईट वाटलं होतं. पाहुण्यांसमोर तो फार छान दिसे.

"कापसात आवाज पोचत नाही, सर. सेविकांनी स्वतः जाऊन पाहायचं. एकीने कापसात तोंड घालून ओरडायचं, बाकीच्यांनी दारात ऐकायचं. दोर बांधून, दोघींनी धरून. आणि सुटताना प्रत्येक मुलाचं नाव मोठ्याने घ्यायचं, आणि त्याचा हात घरच्या माणसाच्या हातात द्यायचा. ज्याच्या घरी बालवाडी भरते त्याच्या मुलाचासुद्धा. त्याचा तर आधी."

"भुताप्रेताचं काही नाही ना यात?"

"नाही," माणिकताई म्हणाली. आतून आलेली हाक तिने कोणालाच सांगितली नव्हती. प्रत्येक तुकडीला मात्र ती हे सांगायची, की आतून आपलं नाव ऐकू आलं तर वळू नका. बायका हसायच्या. कापसात जाऊन आलेल्या एखाद-दोघी हसायच्या नाहीत, आणि त्यांना ती काही विचारायची नाही.

सात-आठ वर्षांनी एका नव्या तुकडीला घेऊन ती पुन्हा त्या गावी गेली. आता बालवाडीची अंगणवाडी झाली होती, वीजही वेस ओलांडून आत आली होती. पंचफुलाबाईचे केस पिकले होते. ओसरीवर नवी मुलं होती. नलूला पाहिलेलं त्यांत कोणी नव्हतं. खोलीच्या दाराला कडी होती, तेल दिलेली.

सुटायची वेळ झाली. घरची माणसं अंगणात येऊन उभी राहिली. पंचफुलाबाई उंबऱ्यात उभी राहून खणखणीत आवाजात एकेक नाव घेऊ लागली, मूल "आलो!" म्हणून ओरडायचं, पळत यायचं, हातात हात जायचा. नव्या सेविका कौतुकाने बघत होत्या. शेवटचं मूल गेलं असं वाटलं, पण अंगणातून कोणी हललं नाही.

"नलू!" पंचफुलाबाईने हाक दिली.

ओट्यावर बसलेला बापूजी उठला. आता त्याला नीट दिसतही नव्हतं. त्याने हात पुढे केला आणि थांबला. पायरीशी घरच्यांचे हात धरून उभी असलेली मुलं दोन्ही बाजूंना सरकली, मधे एका मुलापुरती वाट ठेवून. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. मग म्हाताऱ्याची बोटं अलगद मिटली, आणि तो सांभाळून, लहान पावलं टाकत, घरात गेला.

माणिकताई उंबऱ्यातच उभी होती. तिच्या लक्षात आलं, तीही बाजूला सरकली होती.